भाताच्या बांधावरचं ते तपकिरी फुलपाखरू नेमकं कोण?

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे मी नुसतं "हे असं" म्हणून मोकळा झालो होतो, तिथे इथे जरा नीट शब्दांत सांगायचा प्रयत्न केलाय.

विषय तुमच्याच फोटोंतून आलाय. पडघ्याहून एका श्रोत्याने फोटो पाठवला. भाताचा बांध, त्यावर एकदांडीचं फूल, फुलावर पंख मिटून बसलेलं तपकिरी फुलपाखरू. खाली मेसेज असा: "गूगल लेन्स म्हणतं हा पतंग आहे. दुसरं ॲप म्हणतं राइस स्विफ्ट. ग्रुपवरचा एक दादा म्हणतो स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट. कोणाचं खरं धरू?"

तर पहिलं उत्तर लगेच देऊन टाकतो. पतंग नाही. उरलेल्या दोघांत कोण, ते एका ठिपक्यावर ठरतं. आणि तो ठिपका फोटोत दिसत नसेल तर कुणीच, अगदी मोठ्या तज्ज्ञानेसुद्धा, छातीठोकपणे नाव सांगू नये. हा सगळा भाग त्या ठिपक्याबद्दल आहे म्हणा ना.

आधी पतंगाचं काय ते बघू. ही फुलपाखरं हेस्पिरिडी कुळातली. इंग्रजीत स्किपर, मराठीत चपळ. नाव अगदी चपखल बसतं, कारण यांचं उडणं म्हणजे तरंगणं नाही, गोळी सुटल्यासारखं सुटणं. जगात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. भारतात तेराशेहून जास्त प्रकारची फुलपाखरं सापडतात, त्यातली पाचात एक तरी याच कुळातली. तरी फोटो काढणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये शोधा, निळी, पिवळी, ठिपक्यांची सगळी मिळतील आणि चपळ दोन-तीनच. ती दिसत नाहीत असं नाही. दिसल्यावर "हे काय, मातकट" म्हणून आपण पुढे जातो.

अंग जाडजूड, केसाळ, डोळे मोठे, रंग मातीचा. त्यामुळे ॲपला पतंग वाटतो यात नवल नाही. पण मिशा बघा. पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात, आपण मिशाच म्हणू. इतर फुलपाखरांच्या मिशीच्या टोकाला गुंडी असते, आगकाडीसारखी. चपळांच्या गुंडीपुढे बारीक टोक निघतं आणि ते बहुधा वळलेलं असतं, क्रोशाच्या सुईसारखं. शिवाय दोन मिशा डोक्यावर एकमेकींपासून चांगल्या लांब उगवतात. फोटो झूम करून एवढं दिसलं की पतंगाचा विषय मिटला. बसण्याची ढबही मदत करते. गवतावरच्या बऱ्याच चपळांना ऊन खाताना पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे सपाट ठेवायची सवय असते. लांबून छोटं लढाऊ विमान उभं केल्यासारखं दिसतं. फुलपाखरांच्या दुसऱ्या कुठल्या कुळाची ही पद्धत नाही.

आता खरी गंमत. पडघा म्हणजे नाशिक हायवेवरचं, भिवंडी तालुक्यातलं गाव. आजूबाजूला भाताची खाचरं, बांधावर गवत, कडेला बांबूची बेटं, रस्त्याला करंज. ज्या चपळांच्या अळ्या गवत, भात आणि बांबू खातात त्यांना हे माहेर आहे. त्यातल्या तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांच्या गटाला इंग्रजीत स्विफ्ट म्हणतात. जाता जाता एक: इंग्रजीत स्विफ्ट म्हणजे पाकोळी हा पक्षी, आणि आपल्याकडे फुलपाखरालाही पाकोळी म्हणतात. २०१५ मध्ये ब्ल्यू मॉर्मन हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, तेव्हा 'राणी पाकोळी' हे नाव बातम्यांत आलं होतं. तर स्विफ्ट म्हणजे या मातकट पाकोळ्या.

यातल्या दोन आपल्याकडे नेहमीच्या. राइस स्विफ्टचं शास्त्रीय नाव बोर्बो सिनारा. १८६६ मध्ये या जातीला नाव दिलं आल्फ्रेड रसेल वॉलेसने. हो, डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा तोच वॉलेस. दुसरी स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, पेलोपिडास मॅथियास. ही त्याआधीची, १७९८ साली फॅब्रिसियसने नोंदवलेली. दोन्ही एकाच मापाच्या, पंख पसरले की जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. दोन्ही ऑलिव्ह झाक असलेल्या तपकिरी. दोघींच्या पुढच्या पंखावर काचेसारखे अर्धपारदर्शक ठिपके. दोघींच्या अळ्या भातावर आणि गवतावर. आता सांगा, वेगळं करायचं कसं?

नाव ऐकून वाटतं की 'ब्रँड' शोधावा. इथे ब्रँड म्हणजे कंपनीचं नाव नव्हे, गुरांना डागणी देतात तसली खूण. पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूवर एक तिरपी करडी रेघ असते, गंध सोडणाऱ्या खवल्यांची. ती दिसली तर राइस स्विफ्ट बाद, कारण राइस स्विफ्टला अशी खूण नसतेच. छान. पण यात दोन खड्डे आहेत आणि निम्मे लोक त्यातच पडतात.

पहिला खड्डा: ही रेघ फक्त नराला असते. म्हणजे जिला आपण 'ब्रँडेड' म्हणतो तिच्यातल्या सगळ्या माद्या विनाब्रँडच्या! वर मादीच्या पंखावर त्याच भागात, पंखाच्या मागच्या कडेजवळ, एखादा फिकट अपारदर्शक ठिपका असतो. राइस स्विफ्टलाही तिथे तसाच पिवळसर, अपारदर्शक ठिपका. म्हणून "ब्रँड नाही, ठिपका आहे, म्हणजे राइस स्विफ्ट" हे गणित मादीपाशी साफ चुकतं.

दुसरा खड्डा: रेघ वरच्या बाजूवर असते आणि फोटोत पंख मिटलेले असतात. मिटल्यावर आपल्याला पंखाची खालची बाजू दिसते. जी खूण त्या फोटोत असूच शकत नाही, ती दिसली नाही म्हणून नाव ठरवणं म्हणजे बंद दारातून घरात कोण आहे ते सांगणं.

मग मिटलेल्या पंखांवर काय बघायचं? मागचा पंख. प्रत्येक पंखाच्या मुळाशी शिरांनी वेढलेला एक लांबट कप्पा असतो. इंग्रजीत त्याला नुसतं सेल म्हणतात, आपण कप्पा म्हणू. पेलोपिडासच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांची एक कमान असते, आणि कमानीच्या आत, अंगाच्या बाजूला, त्या कप्प्यात एक सुटा ठिपका. राइस स्विफ्टला बाहेरचे ठिपके असतात, पण कप्प्यातला हा सुटा ठिपका नसतो. एवढंच. एक ठिपका. तोही कधीकधी इतका बारीक आणि पुसट की ऊन जरा जास्त झालं की फोटोत पांढऱ्या चमकेत विरून जातो.

पडघ्याच्या फोटोत काय होतं? फुलपाखरू कॅमेऱ्याकडे तिरकं बसलेलं, मागच्या पंखाचा मुळाकडचा भाग फुलाच्या पाकळीआड गेलेला. म्हणजे नेमकी तीच जागा झाकलेली. ॲपही बरोबर असू शकतं, दादाही बरोबर असू शकतो. त्या फोटोवरून ठरत नाही.

आणि समजा ठिपका दिसला, पेलोपिडास नक्की झालं, तरी मॅथियास नक्की झालं असं नाही बरं का. पेलोपिडास ॲग्ना नावाची तिची जुळी बहीण आहे. नरांत फरक करायची रीत मला फार आवडते, शाळेतल्या भूमितीसारखी आहे. पुढच्या पंखाच्या कप्प्यात दोन ठिपके असतात. त्या दोघांतून एक काल्पनिक रेषा काढायची आणि मागच्या कडेकडे वाढवायची. मॅथियासमध्ये ती रेषा करड्या खुणेला छेदून जाते. ॲग्नामध्ये छेदत नाही, फार तर खालच्या टोकाला चाटून जाते. मोबाइलवर फोटो उघडा, मार्कअपमध्ये जाऊन बोटाने रेषा मारा, झालं. फक्त त्यासाठी पंख उघडे हवेत, नर हवा आणि फोटो वरून घेतलेला हवा. मादी असेल तर हा उपाय चालत नाही.

तिसऱ्या एका गटाशीही गोंधळ होतो, पार्नारा, म्हणजे स्ट्रेट स्विफ्ट आणि तिच्या भावकीतल्या. यांच्या मिशा तुलनेने आखूड, आणि मागच्या पंखावरचे ठिपके कमानीत नसून जवळपास एका ओळीत लावल्यासारखे. हा गट ओळखणं जमतं. पण गटातली जात फोटोवरून सांगणं फार कठीण, तिथे मी सरळ 'पार्नारा' लिहून थांबतो. मागचा पंख खालून कोराच दिसला, एकही ठिपका नाही, तर मात्र वेगळ्या गल्लीत शिरायचं. बांबूजवळ असाल तर पेंटब्रश स्विफ्ट असू शकते. तिच्या नराच्या मागच्या पंखावर, वरच्या बाजूला, काळ्या केसांचा झुपका असतो, रंगाच्या ब्रशसारखा. कॅल्टोरिस गटातल्या काही जातीही कोऱ्याच असतात.

पिवळ्या-केशरी चपळांचा, म्हणजे डार्ट मंडळींचा, स्वतंत्र भाग करावा लागेल. आज फक्त एक जोडी सांगतो, कारण ती दिसायला सोपी आहे. पेल पाम डार्ट आणि डार्क पाम डार्ट. दोघांच्या पुढच्या पंखावर गडद पार्श्वभूमीवर केशरी पट्टा. पेलमध्ये तो केशरी रंग शिरांवरून पंखाच्या बाहेरच्या कडेपर्यंत ओघळतो, ओल्या भिंतीवरून रंग उतरावा तसा. डार्कमध्ये पट्टा आपल्या जागी थांबतो, बाहेरची कड गडदच राहते. याच केशरी मंडळींत पोटँथस नावाचा गट आहे. त्यात बऱ्याच जातींची खात्री फक्त जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. ते संग्रहालयातलं काम, बांधावरचं नाही. आपण 'पोटँथस' म्हणावं आणि पुढचं फूल बघावं.

करंजावरची जोडी तेवढी सांगून टाकतो. कॉमन बँडेड ऑल आणि व्हाइट बँडेड ऑल. दोघंही पानाखाली पंख मिटून बसणारे, सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त सक्रिय. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला पांढरा पट्टा. पट्ट्याची बाहेरची कड धुरकट पसरलेली असेल तर कॉमन, आणि पट्टा रेखीव व मुळाकडच्या भागाला निळसर-हिरवट चकाकी असेल तर व्हाइट. कॉमनच्या अळ्या करंजाची कोवळी पानं खातात, त्यामुळे रस्त्याकडेच्या करंजाला नवी पालवी आली की तिथे तीच भेटण्याची शक्यता जास्त.

हे सगळं काही मी शोधून काढलेलं नाही. ब्रिगेडियर डब्ल्यू. एच. इव्हान्स नावाचे एक लष्करी अधिकारी होते. त्यांचं 'द आयडेंटिफिकेशन ऑफ इंडियन बटरफ्लाइज' हे पुस्तक १९२७ मध्ये आलं, १९३२ मध्ये दुसरी आवृत्ती, आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची. पुढे चपळ कुळ हा त्यांचा खास विषय झाला आणि १९४९ मध्ये युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या चपळांची मोठी सूची त्यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी केली. त्यांची पद्धत म्हणजे प्रश्नांची साखळी. कप्प्यात ठिपका आहे का? असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. वाचायला रुक्ष, पण या रुक्ष प्रश्नांना फाटे फुटत नाहीत. मात्र इव्हान्स यांच्या हातात टाचणी लावलेला नमुना होता, तो उलटसुलट करून बघता यायचा. आपल्या हातात एक फोटो असतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला काढायचा? राइस म्हटलं काय आणि ब्रँडेड म्हटलं काय, फुलपाखराला काय फरक पडतो?

फुलपाखराला नाही पडत. नोंदीला पडतो. आयनॅचुरलिस्टसारख्या ॲपवर तुम्ही फोटो टाकता तेव्हा ॲप स्वतः नाव सुचवतं. ते नाव दोन गोष्टींवरून येतं: दिसणं, आणि आसपास आधी काय नोंदलंय. तुम्ही पहिलं नाव निवडता. दुसरा कोणी ठिपका न बघताच 'ॲग्री' दाबतो. झालं, नोंद 'रिसर्च ग्रेड'. तिथून ती जगभरच्या संशोधकांच्या माहितीसाठ्यात जाऊ शकते. आणि पुढच्या वेळी तेच ॲप अशा नोंदींवर शिकून पडघ्यातल्या पुढच्या माणसाला आणखी आत्मविश्वासाने तेच नाव सुचवतं. गावात एकाने अफवा उठवावी आणि चार दिवसांनी तीच अफवा त्याला परगावच्या पाहुण्याने येऊन सांगावी, तसा हा प्रकार.

पडघ्याच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. भिवंडी तालुक्यात हायवेलगत भाताच्या खाचरांच्या जागी गोदामं किती झपाट्याने उभी राहिली हे तिथल्या पोरांना सांगायला नको. आणखी काही वर्षांनी कोणी विचारलं की या बांधांवर कोणकोणती फुलपाखरं होती, तर उत्तर म्हणून असतील त्या मोबाइलमधल्या नोंदी. अभयारण्यात अभ्यासक जातात, तानसा शेजारीच शहापूर तालुक्यात आहे. पण भाताच्या बांधावर गवतावरचे चपळ मोजायला मुद्दाम कोण जातंय? तुम्हीच. त्यामुळे तिथे 'पेलोपिडास' एवढंच लिहिलेली खरी नोंद मला दहा चुकीच्या पूर्ण नावांपेक्षा मोलाची वाटते. ॲपमध्ये जातीऐवजी गटाचं नाव निवडता येतं. ते कमीपणाचं अजिबात नाही.

दिसण्यावर किती विसंबायचं याचं एक प्रसिद्ध उदाहरण कोस्टा रिकातलं आहे. तिथे ॲस्ट्रॅप्टिस फुल्जरेटर नावाचा निळसर चमकीचा चपळ आहे, १७७५ पासून एकच जात म्हणून ओळखला जाणारा. ग्वानाकास्ते भागात संशोधकांनी वर्षानुवर्षं त्याच्या अळ्या वाढवल्या. मोठी फुलपाखरं सारखीच दिसायची, पण अळ्यांचे रंग वेगळे आणि त्यांची खाण्याची झाडंही वेगळी. २००४ मध्ये डीएनएचा तुकडा तपासून त्यांनी मांडलं की ही एक नाही, दहा जाती आहेत. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी तो आकडा जास्त आहे म्हणून वादही घातला. पण एकापेक्षा जास्त आहेत, हे वाद घालणाऱ्यांनीही मान्य केलं. पंख पाहून जे सुटलं नव्हतं त्याचा धागा पानावरच्या अळीत मिळाला.

म्हणून फोटोबरोबर आजूबाजूचंही टिपा. फुलपाखरू कोणत्या फुलावर बसलंय हे कमी महत्त्वाचं, एकदांडीवर तर सगळेच येतात. मादी पोट वाकवून अंडं कुठल्या पानावर चिकटवते, ते जास्त महत्त्वाचं. फोटो काढताना घाई नको. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला जा, तेव्हा ती ऊन खात बसतात आणि विमानाच्या ढबीत दोन्ही पंख थोडे उघडे असतात. आधी लांबून एक फोटो घेऊन ठेवा. मग खाली वाकून, सावली त्याच्यावर न पाडता, पंखाला समांतर मोबाइल धरा आणि बर्स्ट मोडवर दहा-पंधरा घ्या. नंतर हळूच वरून. ते उडालं तरी जागचं हलू नका. बरेच चपळ फिरून त्याच पात्यावर येऊन बसतात. स्क्रीनवर फोकससाठी बोट ठेवायचं ते मागच्या पंखाच्या मुळाशी, आणि ऊन कडक असेल तर उजेड थोडा कमी करून. तो ठिपका वाचवायचाय ना आपल्याला! सप्टेंबर यासाठी उत्तम. २०२० पासून देशभर याच महिन्यात 'बिग बटरफ्लाय मंथ' होतो, त्यामुळे तुमचे फोटो बघायला जाणकारही जास्त असतात.

अजून एक मार्ग आहे, वेळखाऊ पण खात्रीचा. भाताचं किंवा गवताचं पान रेशमाने शिवून नळी केलेली दिसते. त्यात दोघांपैकी कोणीतरी असतं. पान गुंडाळणारी अळी, जी भाताची नेहमीची कीड आणि एका पतंगाची अळी आहे, ती आत बसून पानाचा हिरवा भाग खरवडते, म्हणून पानावर पांढरे पट्टे उमटतात. चपळाची अळी कडेकडून पान कुरतडत जाते, कधी मधली शीर तेवढी उरते. तिचं डोकं मोठं आणि मानेपाशी बारीक झालेलं, लगेच डोळ्यात भरतं. भातावर ही सहसा दुय्यम कीड, त्यामुळे दोन-चार नळ्या दिसल्या म्हणून लगेच फवारणीचा पंप काढायची गरज नाही. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी त्या काकांना विचारा, आणि मग एक अळी पानासकट बरणीत आणा. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, रोज ताजं पान द्या, ओल साचू देऊ नका. कोष झाला की साधारण आठवडा-दहा दिवस. रोज सकाळी उठल्या उठल्या बघा, कारण फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर येतं. पंख वाळेपर्यंत ते काही वेळ जागचं हलत नाही. वरून, खालून, मिशांचा, हवे तेवढे फोटो घ्या, खाऊचं पान कोणतं होतं ते लिहून ठेवा, आणि ऊन तापलं की त्याच बांधावर नेऊन सोडा.